आईच्या पाटीची बिजागरी

नाशिक रोड,
रविवार, २० नोव्हेंबर २००५

प्रिय अमू,

जयभीम. फोन सोडून ताईनं पत्र का पाठवलं, हे पाकीट बघूनच तुझ्या मनात आलं असेल. आपला फोन हॉलमध्ये आहे, आणि आईचा आवाज गेला असला तरी कान अजून बाईंचाच आहे, शेवटच्या बाकावरची कुजबुज टिपणारा. शिवाय फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. म्हणून दुपारी आईचा डोळा लागल्यावर स्वयंपाकघरात बसून लिहितेय. हे ऑफिसात उघडू नकोस. घरी जा, हातपाय धू, मग वाच.

मागच्या आठवड्यात तू विचारलंस, "ताई, दाजी रोज आईच्या खोलीत दार लोटून करतात तरी काय?" मी "काही नाही रे, ते तुझं मशीन दुरुस्त करतात" म्हणून विषय बदलला. पण तुझ्या कितीतरी आधीपासून तो प्रश्न माझ्या डोक्यात भुंग्यासारखा फिरत होता. आता सगळं क्रमानं सांगते.

गेल्या वर्षीच्या दिवाळीत तू तो हातात मावणारा कॉम्प्युटर घेऊन आलास, तुमच्या ऑफिसनं बाद केलेला. चष्म्याच्या घरासारखा उघडणारा. वरच्या झाकणात स्क्रीन, खाली बारीक इंग्रजी बटणं, आणि कडेला खोचलेली प्लास्टिकची काडी. "आईला यावर लिहून बोलता येईल," असं तू मोठ्या हौसेनं म्हणालास. पण आई जिल्हा परिषदेच्या शाळेतली मराठीची बाई, ती इंग्रजी बटणं दाबून काय बोलणार? स्क्रीनवर काडीनं हवं ते लिहिता यायचं, पण स्क्रीन उभी. काडी टेकवली की झाकण मागे कलायचं आणि सगळं मशीन मांडीवरून घसरायचं. तू बंगलोरला परत गेलास आणि मशीन कपाटात गेलं.

कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढल्यापासून आई वहीत लिहूनच बोलायची. आधी पाटी आणली होती, पण खडूची धूळ गळ्यावरच्या भोकातून आत जायची आणि ठसका थांबायचा नाही. वहीत काय वाईट आहे ते मला कळलंच नव्हतं. शेजारच्या कुसाबाई यायच्या आणि आईचं उत्तर लिहून होईपर्यंत खुशाल मागची पानं चाळायच्या. एकदा त्यांनी मोठ्यानं वाचलं, "कुसाबाईला चहा विचारू नको, उठायची नाही." त्या हसल्या, आईही हसली. पण तेव्हापासून तिच्या वहीत फक्त "हो", "नको" आणि "बरं" उरलं. पौर्णिमेला विहारात वंदना सुरू करायला सगळे जिच्या आवाजाची वाट बघायचे, ती बाई तीन शब्दांवर आली. मला वाटलं, थकली असेल.

प्रफुल्लला तसं वाटलं नाही. नवरा माझा घुमा, पण बघतो फार. "आपण बोललेलं हवेत विरून जातं गं," तो मला म्हणाला. "आईंचं तसंच पडून राहतं, कुणीही वाचावं. मोकळं कोण बोलेल असं?" आणि त्यानं कपाटातून तुझं मशीन काढलं. झाकण पार मागे वळवून पाठीला पाठ लावली की बटणं खाली जातील, स्क्रीन वर येईल आणि हातात धरायला पाटी होईल, असा त्याचा हिशोब. कारखान्यात कंट्रोल पॅनेल उघडणाऱ्या माणसाला हे अवघड वाटलं नाही. पण या मशीनच्या बिजागरीतून कागदासारखी पातळ, चपटी वायर स्क्रीनकडे जाते. झाकण फार वळलं तर ती तुटते, म्हणून बनवणाऱ्यांनी बिजागरीत अडकण ठेवलेली. प्रफुल्लनं अडकण कानशीनं घासून काढली. झाकण वळलं, आणि अर्धी स्क्रीन काळी झाली.

माझ्या मनात पहिली पाल चुकचुकली ती इथे. "लांब वायर मुंबईतच मिळेल" म्हणून तो सुट्टीच्या दिवशी सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसनं गेला आणि दिवेलागणीनंतर परतला. हातात बोटभर वायर. मी शर्ट धुवायला घेतला तर त्याला फिनेलचा वास. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात फिनेल कशाला असेल? विचारलं तर म्हणाला, "गाडीत सांडलं असेल कुणाचं." माझ्याकडे न बघता म्हणाला.

मग त्यानं अंबडच्या गोरक्षकडून लेथवर पितळेच्या दोन नव्या बिजागऱ्या करून घेतल्या. एकेका बिजागरीला दोन-दोन पिना, म्हणजे झाकण एका पिनेवर अर्धं आणि दुसरीवर उरलेलं अर्धं फिरणार. वायरीला आत सैल वळसा दिला. मागे गेलेली बटणं तळहाताखाली दाबली जाऊन स्क्रीनवर अक्षरांची रांग लागायची, म्हणून बटणं बंद करायला इवलासा खटका बसवला. एक बटण मात्र चालू ठेवलं. ते दाबलं की मशीन टीक करतं, आईला कुणाला हाक मारायची असली तर. हे सगळं आईच्या पलंगाशी बसून चालायचं, कारण आईचा हात कसा धरतो, अंगठा कुठे येतो हे त्याला बघायचं असायचं. दार लोटलेलं, कारण बाहेरची धूळ आईलाही नको आणि मशीनलाही नको. मी पतसंस्थेतून सहाला यायची, तो पहिल्या पाळीचा, चारलाच घरी. मधले दोन तास ती दोघंच.

पाटी तयार झाली त्या दिवशी आईनं त्यावर पहिलं वाक्य लिहिलं, "चैताली, पोह्यात मीठ नाही." आणि कोपऱ्यात अंगठा दाबून ते पुसून टाकलं. तिचे खांदे हसण्यानं हलत होते. मलाही फार बरं वाटलं. पण पुढच्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की मी खोलीत पाय टाकला की तो अंगठा कोपऱ्याकडे जातो. स्क्रीन कोरी, आई खिडकीबाहेर बघतेय, प्रफुल्ल स्क्रू पिळतोय. "काय चाललंय?" "काही नाही, बिजागरी जरा घट्ट होतेय." महिना झाला तरी बिजागरी घट्टच!

त्यात कुसाबाईंनी जिन्यात गाठलं. "काय गं, कोर्टात काही चाल्लंय का तुमचं? तुझ्या आईला नि जावयाला सीबीएस स्टँडजवळ कोर्टासमोर रिक्षातून उतरताना पाह्यलं मी." प्रफुल्लला विचारलं, तर म्हणे आईच्या चष्म्याचा नंबर तपासायला गेलो होतो. चष्मा तोच, काचा त्याच. आणि त्याच आठवड्यात तू फोनवर सहज विचारलंस, "घोटीचं घर अजून आईच्याच नावावर आहे ना?" सहज कसलं, अमू. तुलाही तेच वाटत होतं जे मला वाटत होतं, फक्त दोघांपैकी कुणी उच्चारलं नाही.

तेव्हापासून मी घरातल्या घरात पाळत ठेवायला लागले. त्याच्या पिशवीत हात घातला, खिसे तपासले. हाताला लागला पितळेचा कीस. आई अंघोळीला गेली की मी पाटी उचलून उघडझाप करून बघायची. काही नाही, स्वच्छ पांढरी. वही असती तर सगळं मागे जाऊन वाचलं असतं, असं मनात आलं आणि माझ्यातच मला कुसाबाई दिसली. तरी संशय हटला नाही. तो जेवताना शांत असला तरी संशय आणि जास्त बोलला तरी संशय. एकदा त्यानं आईला आवडतं म्हणून सीताफळ आणलं, तर माझ्या मनात आलं, ही लाडीगोडी कशासाठी?

मंगळवारी मी तासभर लवकर सुटून न कळवता घरी आले. लोडशेडिंग होतं, पडदे ओढलेले. अंधाऱ्या खोलीत फक्त स्क्रीनचा उजेड आणि त्यात आईचा चेहरा. ती लिहीत होती, तो वाचत होता आणि वाचता वाचता मनगटानं डोळे पुसत होता. मला बघितलं आणि आईचा अंगठा कोपऱ्यावर गेला. माझा तोल सुटला. "घोटीचं घर कुणाच्या नावावर चाललंय ते मलाही कळू द्या की!" प्रफुल्लनं थोबाडीत बसल्यासारखं माझ्याकडे बघितलं. "चैताली..." एवढंच म्हणाला, स्क्रूड्रायव्हर गोळा केले आणि उठला. तेवढ्यात टीक झालं. मग टीक, टीक, टीक. आई बटणावरून बोट काढेना. तिनं त्याला हातानंच खाली बसवलं, काडी उचलली आणि लिहून पाटी माझ्यासमोर धरली. "घर गेलं खड्ड्यात. बस इथं."

मी बसले. तिनं पुसलं, पुन्हा लिहिलं. "माझं परत आलंय. मला माहीत आहे."

अमू, जुलैमध्ये मानेतली गाठ तपासून आली तेव्हा आपण दोघांनी ठरवलं ना, की आईला नुसती सूज आहे एवढंच सांगायचं आणि गोड बोलून तुझ्याकडच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं? प्रफुल्लकडून मी वचन घेतलं होतं की तो तोंड उघडणार नाही. आपण वाईट हेतूनं केलं नाही. पण आईनं लिहिलं, "तुम्ही दोघं खोटं बोलताना नखं बघता. लहानपणापासून." ती खोलीत आली की फोनवरचं आपलं बोलणं थांबायचं, फाईल कपाटावर चढली, मी उगाच जास्त हसायला लागले, हे सगळं ती बघत होती. मी तिच्या खोलीवर पाळत ठेवली त्याच्या कितीतरी आधी ती आपल्यावर ठेवून होती.

शेवटी तिनं प्रफुल्लला विचारलं. तो पलंगाशी बसून जुनी बिजागरी खोलत होता, ओठांत बारीक स्क्रू धरलेला. तिनं तेव्हाच्या वहीत लिहून पान त्याच्यापुढे सरकवलं, "परत आलंय का?" त्यानं वाचलं. स्क्रू तळहातावर काढून ठेवला आणि म्हणाला, "हो, आई." तिनं ते पान फाडून गॅसवर जाळलं आणि त्याला सांगितलं, माझी पाटी लवकर कर, मला खूप विचारायचंय.

मुंबईला तो वायर आणायला गेला होता हे खरंच, पण आधी आईच्या गाठीच्या तपासणीच्या काचपट्ट्या घेऊन तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टरांना दाखवून आला. फिनेलचा वास तिथला. कोर्टासमोर उतरले ते तिथल्या इमारतीत बसणाऱ्या डॉक्टरांकडे जायला. तिथे आईनं स्वतःचे प्रश्न स्वतः लिहून विचारले. आजवर डॉक्टर आपल्याशी बोलायचे, आई मधल्या खुर्चीत बसून आपली तोंडं बघायची. त्या दिवशी ते तिच्याशी बोलले.

मी प्रफुल्लला गॅलरीत नेऊन भांडले. मला का नाही सांगितलंस, म्हटलं. तो म्हणाला, "तू म्हणालीस आईंना सांगू नको. आई म्हणाल्या चैतालीला सांगू नको. मी कुणाचं मोडायचं?" पण त्यानं माझं मोडलंच होतं की, आणि ते त्यालाही माहीत होतं. अजून आमचं बोलणं पूर्वीसारखं झालेलं नाही. खरं सांगू, घराचा संशय त्या क्षणी गेला, पण सल राहिलाच. पोटची लेक शेजारच्या खोलीत आणि आई जावयाला विचारते? मी तिलाच जाब विचारला. तिनं सावकाश लिहिलं, "तुझ्यासमोर लिहिलं असतं तर आधी तुझे डोळे पुसावे लागले असते. प्रफुल्लराव मान खाली घालून काम करत होते. म्हणून विचारता आलं." ते वाचून मी रडलेच, आणि तिनं खरोखर पदरानं माझे डोळे पुसले.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तू डिसेंबरची ऑपरेशनची तारीख घेतली आहेस, तिची-माझी विमानाची तिकिटं काढली आहेस. ती रद्द कर. आई येणार नाही. त्या ऑपरेशनमध्ये अन्ननलिकाही जाईल आणि पुढे पोटातल्या नळीनं अन्न द्यावं लागेल, हे तिनं डॉक्टरांकडून स्पष्ट वदवून घेतलं. ऑपरेशन करून किती आणि न करता किती, हेही विचारलं. दोन्हींत फार अंतर नाही. वेदना झाल्या तर इथले डॉक्टर औषध देणार आहेत. ती म्हणते, जोवर वरणभात घशाखाली उतरतोय तोवर तो माझ्या हातानं खाईन. मी दोन दिवस वाद घातला, हात जोडले, तुझं नाव घेतलं. ती ऐकून घेते आणि तेच लिहिते. हे तुला ती स्वतः सांगणार होती, पण तू समोर येऊन भराभर बोलायला लागशील आणि तिचा हात तेवढा चालणार नाही, म्हणून तिनं मला पत्र लिहायला बसवलं. तुझ्यावर रागावलेली नाही ती. लांबची रजा काढ, अमू, रिपोर्ट आणि फायली तिकडेच ठेव. तिचा निरोप तिच्याच शब्दांत देते, म्हणाली अगदी असाच लिही: "अमितला सांग, मला न्यायला येऊ नको. राहायला ये."

वाट बघतेय,
तुझीच
चैताली ताई