पडद्याच्या तळाशी येणारी अक्षरं

आई, मी डहाणूच्या घरी आले आहे. भर दुपार आहे. तुझ्या स्वयंपाकघरात पाट घेऊन खाली बसले आहे आणि कुणालाच न सांगितलेली एक गोष्ट तुला सांगायची आहे. तू असतीस तर समोर बसून, ओठ नीट हलवत, मला ती सांगता आली नसती. मध्येच तू माझा चेहरा वाचला असतास. म्हणून कागदावर.

माझं काम तुला मी कधी धड समजावलंच नाही. तू शेजारणींना सांगायचीस, 'ती टीव्हीच्या ऑफिसात असते,' आणि त्या विचारायच्या, मग टीव्हीत दिसत का नाही? आपल्या छपरावर बांबूला बांधलेला अँटेना होता ना, तो मुंबईकडे वळवला की मुंबई दिसायची, पण जरा वारा आला की गुजरातचं केंद्र मध्ये घुसायचं आणि बातम्या देणाऱ्या बाईच्या अंगावरून गुजरातीतला शेतीचा कार्यक्रम चालायचा. लहरींना कुठल्या सीमा कळतात? देशांच्या सीमांवरही हेच होतं. म्हणून शेजारचे देश एकत्र बसतात. कुणी कुठल्या लहरींवर बोलायचं, डिजिटल चित्र कसं बांधून पाठवायचं, घरात टीव्हीला जोडलेल्या डब्याने ते कसं सोडवायचं, हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं, म्हणजे एका देशात बनलेला डबा दुसऱ्या देशातही चालतो आणि स्वस्त पडतो. त्या बैठकांचे मसुदे मी लिहिते. एकेका शब्दावर दिवस दिवस भांडण चालतं. तुला हे ऐकून हसू आलं असतं. आपल्या घरात शब्द किती जपून वापरावे लागायचे.

तलासरीला मामाकडे राहून तू क्षयाची इंजेक्शनं घेतलीस. खोकला गेला आणि जाताना कान घेऊन गेला. तू परत आलीस तेव्हा मी पाचवीत होते. एसटीतून उतरलीस, मी जोरात हाक मारली आणि तू भलतीकडेच बघत उभी राहिलीस. बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "समोर जाऊन उभी राहा. आता आईशी समोरूनच बोलायचं." एवढंच. बाकी मी हळूहळू शिकले. दिव्याकडे पाठ करून बोलायचं नाही, कारण मग तोंडावर सावली येते. घास तोंडात असताना बोलायचं नाही. ओरडायचं तर मुळीच नाही, ओरडल्यावर ओठ वेडेवाकडे होतात.

फुग्याच्या कारखान्यात तुला कानांची गरज नव्हती. साचे रबराच्या चिकात बुडवायचे, वाळले की पावडर लावून फुगे सोलून काढायचे. सुट्टीत मी डबा घेऊन यायचे तेव्हा तू कोपरापर्यंत पांढरी असायचीस. मुकादम ओरडला की बाकीच्या बायका दचकायच्या आणि तू आपली मान खाली घालून फुगे सोलत राहायचीस. एकदा तो तुझ्या अगदी पाठीशी उभा राहून बोंबलत होता. तू वळलीस, त्याच्याकडे शांतपणे बघितलंस आणि म्हणालीस, "भाऊ, समोर येऊन शिव्या द्या, म्हणजे मला पण कळतील." सगळा कारखाना हसला. तोही हसला. त्या दिवशी तुझा मला इतका अभिमान वाटला होता, की शाळेत मी ही गोष्ट तीनदा सांगितली.

संध्याकाळी टीव्ही. तो बाहेरच्या खोलीत असायचा आणि तू स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी भाजी निवडत बसायचीस. मी टीव्हीकडे पाठ करून तुझ्यासमोर बसायचे. तू बघायचीस, मी ऐकायचे, आणि ऐकलेलं ओठांनी तुला सांगायचे. दोघींचा मिळून एक टीव्ही. किती मालिकांमधली माणसं मी कधी पाहिलीच नाहीत! बातम्यांतली बाई तुला आवडायची, कारण तिचा चेहरा सरळ असायचा आणि तिचं थोडंफार तुझं तुला कळायचं. सिनेमा मात्र सगळा माझ्यावर. एका रविवारी मला कंटाळा आला होता. पडद्यावर कुणीतरी बराच वेळ रडत बोलत होतं. "काय सांगते गं ती?" तू विचारलंस. मी म्हटलं, "काही नाही." तू हातातली भाजी खाली ठेवलीस. "काही नाही सांगायला तिला एवढा वेळ लागला? बाय, ती रडते ते मला दिसतं. का रडते ते सांग. माझ्यासाठी काय महत्त्वाचं आणि काय नाही, ते तू ठरवू नको." तू कधी रागावायची नाहीस. म्हणून ते लक्षात राहिलं.

दहावी झाले तेव्हा तू वापीच्या बाजारातून माझ्यासाठी रेडिओ आणलास. तुझ्याबरोबर मी आले होते, पण तू मला दुकानाबाहेर थांबवलंस, कारण बक्षीस होतं. काचेतून सगळं दिसत होतं आणि उघड्या दारातून ऐकूही येत होतं. दुकानदार रेडिओ तुझ्या कानाशी धरून म्हणत होता, "बेन, सांभळो, सांभळो ने!" तो ऐका म्हणत होता आणि त्याच्या ओठांवरून तुला वाटलं, सांभाळा म्हणतोय. तू म्हणालीस, "सांभाळीन की, फोडायला नेते का?" मग तू त्याच्या हातातून रेडिओ घेतलास आणि जाळीवर तळवा टेकलास. थरथर लागली. तू मान डोलवलीस आणि तो बांधून घेतलास. घरी आल्यावर त्यावर खरखरीच्या मागे एकच गुजराती केंद्र लागायचं. तू माझ्याकडे बघत होतीस. मी म्हटलं, "काय मस्त वाजतो गं!" दोन वर्षं मी गुजराती भजनं ऐकली. आजही ती मला पाठ आहेत.

नोकरी लागल्यावर मी तुला सांगितलं होतं, की नवीन पद्धतीत चित्राबरोबर अक्षरंही पाठवता येतात. बटण दाबलं की माणूस बोलेल ते पडद्याच्या तळाशी लिहून येईल, आपल्या मराठीत. तू म्हणालीस, "मग तू काय करशील?" मी हसले. म्हटलं, तुझ्या शेजारी बसून मीपण टीव्ही बघेन. ती अक्षरं येण्याआधीच तू गेलीस. त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली.

आता ती गोष्ट. मागच्या हिवाळ्यात आमची बैठक कोलंबोला होती. घरातल्या डब्याने काय काय करायलाच हवं, हे ठरवणाऱ्या गटाची मी अध्यक्ष होते. एक कलम त्या अक्षरांचं होतं. प्रत्येक डब्याला या सगळ्या देशांच्या लिप्या दाखवता आल्याच पाहिजेत की नाही? देवनागरी, बंगाली, तमिळ, सिंहली, डोंगरातल्या देशांची, बेटांवरची. आमच्या मसुद्यांत सगळा खेळ दोन इंग्रजी शब्दांचा असतो. 'शॅल' लिहिलं की करावंच लागतं. 'मे' लिहिलं की वाटलं तर करा. डबे बनवणाऱ्यांना 'मे' हवं होतं. इतक्या लिप्या बसवायच्या तर डबा महाग होईल, असं ते म्हणत होते. डोंगरातल्या एका छोट्या शेजारी देशाची इंजिनियर एकटी 'शॅल'वर अडून बसली होती. माझ्याहून लहान, हिंदी छान बोलायची. ती म्हणाली, "आमचा देश छोटा आहे, आमच्यासाठी वेगळा डबा कुणी बनवणार नाही. इथे सक्तीचं झालं तरच आम्हाला अक्षरं मिळतील."

मला तिचं म्हणणं पटलं होतं. हे मुद्दाम सांगते, नाहीतर तुला वाटेल की मला कळलं नव्हतं. पण तिसरा दिवस होता, बाकी सगळी कलमं झाली होती, आणि हे एकच संपवलं की एकमत जाहीर करता येणार होतं. एकमत करणारी अध्यक्ष म्हणून माझं नाव होणार होतं. मला कुणी दटावलं नाही, कुणाचा फोन आला नाही. मीच म्हटलं, तूर्त 'मे' ठेवू, पुढच्या फेरीत बघू. तिच्याकडे वळून म्हटलं, "तेव्हा मी स्वतः हे सक्तीचं करून घेईन." तिने मान हलवून होकार दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

चहाच्या वेळी ती कप घेऊन माझ्याजवळ आली. तक्रार करायला नाही, नुसतीच. म्हणाली, तिचा मुलगा जन्मापासून ऐकत नाही, आता वाचायला लागलाय, कार्टूनमध्ये कोण काय बोलतं ते सारखं विचारत असतो. मग अगदी सहज तिने विचारलं, "आपके घर में कोई है ऐसा?"

आणि मी म्हटलं, "नहीं."

तू आता घरात नाहीस, म्हणजे ते खोटंही नव्हतं, असं मी विमानात स्वतःला समजावलं. पण मी 'नहीं' म्हटलं तेव्हा माझ्या मनात 'है' आणि 'था'चं व्याकरण नव्हतं. तू होतीस. भाजी निवडताना वर बघणारी, उंबऱ्यावर बसलेली. तू डोळ्यांसमोर असतानाच मी नाही म्हटलं. ती "अच्छा" म्हणाली. ज्याला माहीतच नाही त्याच्याकडे माणूस जसं बघतो, तसं तिने माझ्याकडे बघितलं, जरा मऊपणानेच. मला माफच करून टाकलं तिने. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या देशांसमोर मसुदा वाचला गेला. कुणाची हरकत आहे का, असं विचारलं. ती बोलली नाही, कारण तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता. अध्यक्ष म्हणून मला मसुदा मागे घेता आला असता, पण माझा हात टेबलावर होता. तो तिथेच राहिला.

परत आल्यावर सगळे अभिनंदन करत होते आणि मला कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं. घरात टीव्ही लागला की मी उठून दुसऱ्या खोलीत जायचे. महिनाभर असंच. मग एका सकाळी ऑफिसात साहेबांसमोर जाऊन म्हटलं, अध्यक्षपद सोडते, कारण अध्यक्षाला स्वतःच्या मसुद्यावर हरकत घेता येत नाही आणि मला घ्यायची आहे. ते चष्मा काढून म्हणाले, "मॅडम, कलम तुमचं, टाळ्या तुम्हाला, आणि हरकत पण तुमचीच? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "चुकलं म्हणतील." त्यांनी राजीनाम्यावर सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

हरकत दाखल झाली. ते कलम पुढच्या बैठकीत पुन्हा उघडणार आहे आणि आता दोन देशांनी पाठिंबाही दिलाय, त्यामुळे 'शॅल' होईल असं दिसतं. पण ते होईपर्यंत जुन्या कलमाप्रमाणे डबे बनायला लागलेत. ते डबे घराघरांत जातील आणि बरीच वर्षं चालतील. डबा कुणी लवकर टाकून देत नाही. त्या घरांत जे ऐकत नाहीत त्यांना पडद्याच्या तळाशी काहीच दिसणार नाही. नवीन कलमाने ते डबे बदलत नाहीत. हे मी कुणाला सांगितलं तर लोक म्हणतात, एवढं मनाला लावून घेऊ नका, तुम्ही दुरुस्त केलंत ना. तू असं म्हणाली नसतीस.

त्या इंजिनियरचा मेल आला होता. आभार मानले होते आणि विचारलं होतं की माझं मत कशामुळे बदललं. मी उत्तर दिलं, लिप्यांना किती जागा लागते याचा नवीन हिशेब हाती आला. हिशेब खरा आहे, हरकतीला जोडलाही आहे. तुझा त्यात कुठे उल्लेख नाही. आज सकाळपासून तिला दुसरा मेल लिहायला बसले होते, माझी आई ऐकू शकत नव्हती, एवढं एकच वाक्य. ते जमलं नाही म्हणून हे लिहीत बसले. हे पाठवायला पत्ता नाही आणि तिचा पत्ता समोर आहे, तरी मी इकडेच लिहिते आहे.

आणि एक सांगायचं राहिलं. कोलंबोत मी 'नहीं' म्हटलं ना, त्यानंतर लगेच लाज वाटली असं नाही. लाज नंतर आली. आधी, अगदी थोडा वेळ, हातात चहाचा कप घेऊन मी तिथे उभी होते आणि जिच्या घरात सगळ्यांना ऐकू येतं अशी कुणीतरी झाले होते. आई, मला तेव्हा बरं वाटलं होतं.