लिलावातलं घर घेतलं, बाबा

बाबा, मी घर घेतलं. भिवंडीतच, टेमघरला, तिसऱ्या मजल्यावर, एक खोली आणि किचन. बँकेच्या लिलावातलं घेतलं. तुम्ही असतात तर हे ऐकून ताटावरून उठला असतात, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकतो. उठा नाहीतर बसा, मला फरक पडत नाही.

तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. मी कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं, तेही तुम्हाला आवडलं नसतं. हायवेच्या गोदामात सुपरवायझर लागलो. कॉलेजातून मार्कशीट आणली नाही, एका मुलीचं वेड तेवढं घेऊन आलो. ती पास झाली, आता शाळेत शिकवते, आणि माझं वेड आहे तसंच आहे. तिच्या वडिलांनी मला एकदा चहाला बोलावलं आणि चहा निवायच्या आत विचारलं, "राहता ते घर आपलं की भाड्याचं?" भाड्याचं म्हटल्यावर म्हणाले, "मग आधी घर घ्या. पुढचं बोलणं तेव्हा करू." बशीतला चहा तसाच ठेवून मी उठलो. तुमचाच मुलगा ना.

आणि भिवंडीत घरांना तोटा नव्हता. यंत्रमाग बंद पडत होते, आणि मागवाल्यांनी चांगल्या दिवसांत कर्ज काढून घेतलेले फ्लॅट एकामागून एक बँकेकडे जात होते. एकेका बिल्डिंगीत तीन-तीन दारांवर नोटिसा, कुलपांना लाखेचं सील. पेपरात याद्या यायच्या, बाजारापेक्षा कितीतरी स्वस्त. तरी आपल्यासारखी माणसं तिकडे फिरकत नव्हती. प्रत्येकाला घरातल्या कुणीतरी सांगून ठेवलेलं, की ज्याचं गेलं त्याची हाय लागते. आपल्या घरात ते तुम्ही सांगितलं होतं.

मी सातवीत आहे. भरदुपारी, अर्धी ड्युटी टाकून तुम्ही घरी येता आणि पान्यांची पिशवी ओट्याखाली सरकवता. आई भाकरी थापतेय. तुमच्या शेठने शेजारच्या बुडालेल्या कारखान्याचे बारा माग लिलावात घेतलेत, ते बसवून चालू करायचं काम जॉबर म्हणून तुमचं, आणि तुम्ही नाही म्हणून निघून आलात. "दुसऱ्याच्या दारातून ओढून आणलेले माग मी नाय लावणार," तुम्ही म्हणता. आई तव्याकडेच बघत विचारते, "आणि पगार?" "बघू." "काय बघू? घरमालक बघणार हाय का?" मी मध्येच बोलतो, मागाला काय कळतं तो कुणाचा आहे ते. कानाखाली एक बसते. "मागाला नाय कळत. माणसाला कळाय पायजे."

बाबा, ते माग चौथ्या दिवशी चालू झाले. दुसरा जॉबर आला. शाळेतून येताना मी खिडकीतून बघितलं, बाराच्या बारा धडाधड चालले होते. ज्याचे ते होते, त्याला तुमच्या नकाराची खबर तरी लागली का? आपल्याला काय मिळालं ते मी सांगतो. दर अकरा महिन्यांनी टेम्पो, नवी खोली, नवा नळ, नवी भांडणं. तुमच्या तेराव्याच्या पंगती उठल्याही नव्हत्या, तर घरमालक दारात उभा, "वहिनी, पुढच्या महिन्याचं काय ठरवलंत?" आई पदराला हात पुसत राहिली. त्या दिवशी मी तुमच्यावर जेवढा चिडलो तेवढा त्याच्यावरही चिडलो नाही.

लिलाव बँकेच्या वरच्या मजल्यावर होता. आईच्या पाटल्या आणि माझी तीन वर्षांची बचत घालून अनामत भरली होती. उरलेल्याला पतपेढीचं कर्ज. हो, कर्जच. उद्या माझ्या दारावर माझ्या नावाची नोटीस लागू शकते, ते मला कळतं. समोर दलालांची टोळी आधीच ठरवून आलेली, कोणता फ्लॅट कोणी घ्यायचा ते. त्यातला एक माझ्या शेजारी येऊन बसला. "भाई, नया है क्या? ह्यात पडू नको. चल बाहेर, तुझा खर्चापाणी देतो." मी म्हटलं, "मला राहायला पाहिजे." तो मागे वळून ओरडला, "अरे सुनो, ये तो रहनेवाला आया है!" सगळी टोळी हसली आणि माझं डोकं फिरलं. त्यांनी बोली वाढवली, मी वाढवली. पुन्हा त्यांनी, पुन्हा मी. मग ते गप्प बसले, आणि मी परत हात वर केला. बँकेचे साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "अहो, शेवटची बोली तुमचीच आहे." मला काही ऐकूच येत नव्हतं. मी आणखी वाढवली. तो दलाल हसून हसून वाकला, "अरे भाई, सामने कोई नहीं है! लड किससे रहा है?"

कुणाशी ते मला माहीत होतं. साहेब भले, त्यांनी माझी आधीचीच बोली कायम धरली. म्हणाले, "झालं तुमचं घर. बसा आता, पाणी प्या."

पेढे घेऊन तिच्या घरी गेलो. तिचे वडील म्हणाले, "जप्तीचं? ज्याची बायकापोरं बाहेर काढली, त्या घरात माझी पोर नांदायला पाठवू?" घर नव्हतं तेव्हा नाही, घर आहे तर नाही! मी म्हटलं, "तुमची बिल्डिंग ज्या शेतावर उभी आहे, ते शेत कुणी हसत हसत विकलं होतं का?" पेढ्यांचा बॉक्स तसाच परत घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी ती स्टँडवर भेटली. "झालं भांडून? आता माझं ऐक. बाबांचं मी बघते. पण बँकेचा कागद मला दाखवू नकोस. ज्यांचं घर होतं त्यांना जाऊन तोंड दाखव. त्यांनी राहा म्हटलं तर मी येते, मग बाबा काहीही म्हणोत."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर तसं येऊन सांग. खोटं नको."

ते गृहस्थ आता पडघ्याला मेहुण्याकडे राहतात, हायवेवरच्या वजनकाट्यावर ट्रकवाल्यांच्या पावत्या फाडतात. माळ्यावर त्यांचं पुरणयंत्र राहून गेलं होतं, ते पिशवीत घालून मी गेलो. शिव्या खायची तयारी होती, उत्तरंही पाठ होती. मी कोण ते सांगितलं. त्यांनी हातातली पावती पुरी केली आणि मग माझ्याकडे बघितलं. "पाणी सकाळी साडेसहाला येतं, भरून ठेव. नंतर थेंब नाय यायचा. बाथरूमची कडी वर उचलून ओढ, नायतर आत अडकशील. सेक्रेटरीला पावतीशिवाय एक पैसा देऊ नको, लबाड हाय." मी विचारलं, "काका, मग मी राहू ना तिथे?" पुढचा ट्रक काट्यावर चढला. त्यांनी पुरणयंत्र मांडीवर घेतलं, हँडल एकदा फिरवून बघितलं. "हिला सांगतो, पोराने आणून दिलं," म्हणाले, आणि ट्रकचा नंबर लिहायला लागले. मी आणखी दोन ट्रक जाईपर्यंत उभा होतो.

तुम्ही चुकलात, हे मी आजही म्हणतो. सील लावलेल्या रिकाम्या घराने कुणाचं भलं होत नाही. कुणीतरी त्यात राहणारच, मग दलालाच्या भाडेकरूपेक्षा मी बरा. आईने काल ओट्यावरची भिंत घासली आणि पहिल्यांदाच, न विचारता, खिळा ठोकला. ठोकू दे. दहा ठोकू दे.

पुढच्या महिन्यात ती इथे येणार आहे. म्हणून हे पत्र या घरात ठेवता येणार नाही, फाडूनच टाकतो. पडघ्याहून परतलो तेव्हा ती स्टँडवर थांबलेली होती, शाळेची पर्स खांद्याला. "काय म्हणाले?"

मी म्हटलं, "राहा म्हणाले."