सगळ्यांनी माना वळवल्या

नवागाम, सुरत
११ जानेवारी १९९७

ती. सौ. अनुसयाताईस,
शि. सा. न. वि. वि.

कळण्याचे पीठ पोचले. भाकऱ्या तुझ्यासारख्या होत नाहीत, पण पोट भरते.

गेल्या रविवारी इथल्या बागेत पक्षी मोजायला गेलो होतो. पक्षीप्रेमींचे मंडळ आहे. कुणीही जाऊन मोजू लागावे. पैसे मिळत नाहीत, हसू नकोस. तळ्याशी उभे असताना एकदम सगळ्यांनी शेवग्याकडे माना वळवल्या. मी एकटा पाण्याकडेच बघत राहिलो. वर शिंजीर ओरडत होता म्हणे. अंगठ्याएवढे निळेकाळे पाखरू. मला दिसले, चोच उघडमीट करत होते. आवाज काही आला नाही.

कापड कारखान्यात लूमच्या खडखडाटात आम्ही सगळेच ओठ बघून बोलतो. त्यामुळे कुणाला ऐकू येते आणि कुणाला नाही, हे कळायला वावच नाही. डॉक्टरांना दाखवले, खात्री करायला दुसऱ्यांनाही दाखवले. दोघांचे एकच मत: बारीक आवाज गेले ते गेले, उरलेले सांभाळा.

ताई, तू माझ्यासाठी बघितलेल्या हर्षदाच्या घरी हे आधी कळव. एकदा सुपारी फुटून लग्न पक्के झाल्यावर कळले, तर ती फसवणूक होईल. मला याच काळजीने झोप नाही.

भाऊजींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा भाऊ,
भूपेंद्र


अमळनेर
१८ जानेवारी १९९७

चि. भूपेंद्र यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून आधी रडले, मग तुझा राग आला. आठवड्याची एक सुट्टी झोपून काढायची सोडून पाखरांमागे कोण जाते? गेला नसतास तर कळलेही नसते. आणि कानांचे म्हणशील, तर तुझ्या भाऊजींचे दोन्ही कान शाबूत आहेत, तरी दळण आणायला चारदा सांगावे लागते. मी काय लग्न मोडून माहेरी आले?

पोरगा बहिरा, असा शब्द एकदा सुटला की मग कुणीच दारात उभे करणार नाही. मी काही कळवणार नाही. हर्षदाचा चुलतभाऊ उखा तुझ्या सुरतेजवळच कोसाडला राहतो, तोही लूमवर आहे. २६ तारखेला तुला बघायला येईल. समोर बैस, त्याचे ओठ बघ आणि गोड बोल. बागेत पाऊल टाकायचे नाही. तुला माझी शपथ आहे.

अन्नावर राग काढू नकोस, वेळेवर जेव. ताईवर लोभ आहेच, तो वाढू दे.

तुझी,
अनुसयाताई


नवागाम, सुरत
२७ जानेवारी १९९७

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शपथ मोडली. उखाभाऊंना खोलीवर न बसवता थेट बागेत नेले, कारण काल पुन्हा मोजणी होती.

तिथल्या प्रमुखांनी मला गुजरातीत, फार गोडीने, या वेळी चहाची किटली सांभाळायला सुचवले. मी म्हणालो की कान गेलेत, डोळे नाहीत. मी मोजायला आलोय. उषाबाई म्हणून निवृत्त नर्स आहेत, त्यांनी मला जोडीला ओढले. आवाज त्यांनी टिपायचा, फांदीवरचे पाखरू मी शोधायचे. दोघांचे जुळले तरच नोंद.

चालता चालता उखाभाऊंना सगळे सांगून टाकले. तेवढ्यात उषाबाई थबकल्या आणि पुन्हा सगळ्यांनी माना वळवल्या. उखाभाऊ आणि मी मात्र एकमेकांकडे बघत उभे. आवाज आला का, असे मी त्यांना विचारले. त्यांनी विचारले, कसला?

निघताना उखाभाऊ एवढेच म्हणाले की मी तर अजून तिशीतला आहे.

रागावली असशील, तरी विसरू नकोस.

तुझा भाऊ,
भूपेंद्र


अमळनेर
५ फेब्रुवारी १९९७

चि. भूपेंद्र यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे नशीब थोर. उखा पारोळ्याला हर्षदाच्या घरी येऊन गेला, मीही तिथे होते. मुलगा सगळ्या अंगाने धड आहे ना, असे हर्षदाच्या वडिलांनी विचारले. उखाने छातीवर हात ठेवून सांगितले की मला जेवढे ऐकू येते तेवढे त्याला येते! मी पदरात तोंड लपवून हसले, मग डोळे पुसले.

१६ तारखेला सुपारी. झाकली मूठ उघडू नकोस, बाबा. आईच्या मागे तुला मीच वाढवले, तुझे घर झालेले मला बघू दे.

तुझी,
अनुसयाताई


नवागाम, सुरत
१० फेब्रुवारी १९९७

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उखाभाऊ खोटे बोलले नाहीत, पण हर्षदाच्या वडिलांना खरे कळलेही नाही. म्हणून आजच त्यांना वेगळे पत्र टाकले. उखाभाऊंच्या कानांचे त्यांचे त्यांनी सांगावे. मी फक्त माझे लिहिले. बारीक आवाज मला येत नाहीत. लूमवर राहिलो तर आणखी जातील. मला हाक समोरून मारावी लागेल. हे हर्षदाला वाचून दाखवा आणि तिलाच ठरवू द्या, असेही लिहिले.

लपवून लग्न केले, तर जन्मभर तिच्या ओठांकडे चोरासारखा बघत बसेन. तसला संसार मला नको. तू कितीही रागाव, हे पत्र मी परत मागणार नाही.

त्यांनी बोलावले तर १६ला पहिल्या गाडीने येतो. नाही बोलावले तर त्याच सकाळी मोजणी आहे, उषाबाईंना नाव देऊन ठेवले आहे.

शिव्या द्यायच्या असल्या तरी पत्र धाड. अबोला मात्र धरू नकोस.

तुझाच,
भूपेंद्र