गोळ्यांचा डबा अजून का बोलत नाही

ती. सौ. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (पाठ धरली आहे, तेव्हा वाकलो असं समजून घे.) भावोजींचा गुडघा आता वाकतो का, की तोही त्यांच्यासारखाच ताठ राहायचं म्हणतोय?

आईची एक गोळी चुकली तेव्हा तू बजावलं होतंस, आईच्या गोळ्या वेळेवर जातील अशी सोय महिनाअखेर झाली नाही तर मी येऊन तिला घेऊन जाईन. ती गेली तर हे घर मला खायला उठेल, म्हणून लगेच कामाला लागलो. गोळ्यांच्या डब्यात बसवायला काडेपेटीएवढा कॉम्प्युटर आणला. वेळ झाली की त्याने घंटा वाजवून माझ्या आवाजात "आई, गोळी!" म्हणायचं, एवढंच. पण कॉम्प्युटर चालवायला आत एक प्रणाली लागते, लिनक्स नावाची, ती त्याच्यात कुठली घालायची हे ठरवण्यातच दोन आठवडे गेले. लिनक्सचे प्रकार पन्नास, आणि एकाचे भक्त दुसऱ्याच्या भक्तांना दारात उभं करत नाहीत. तुझ्या लग्नाच्या वेळी भावोजींबद्दल आपण केल्या नसतील एवढ्या चौकश्या मी केल्या. (केल्या असत्या तर... असो.)

शेवटी सगळ्यात लहान प्रकार घेतला. त्यात आपल्याला हवं तेवढंच ठेवायचं, बाकी छाटायचं. हे सगळं तयार करण्याची ताकद त्या चिमुकल्यात नसते, म्हणून ते मोठ्या कॉम्प्युटरवर पण चिमुकल्याच्या प्रोसेसरसाठी तयार करायचं, याला क्रॉस-कंपाइल म्हणतात. मी ते कोणासाठी आहे हे सांगायलाच विसरलो. मोठा कॉम्प्युटर नऊ तास धापा टाकत होता, आणि जे निघालं ते मोठ्यावर झकास चाललं, चिमुकल्याने ढुंकूनही बघितलं नाही. आईने चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेत, तिला लगेच कळलं. म्हणाली, "अरे, बाळाचं झबलं सांगितलं होतं, तू बापाचा कोट शिवलास!"

दुसऱ्या वेळी माप बरोबर घेतलं, पण छाटण्याच्या भरात आवाजच छाटला. तिसऱ्या वेळी आवाज आला. तेवढ्यात आईने इस्त्रीसाठी डब्याचा प्लग काढला. या चिमुकल्यात घड्याळाची बॅटरी नसते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. प्लग पुन्हा लावला तर स्वारी, लिनक्सची कालगणना जिथून सुरू होते त्या एक जानेवारी एकोणीसशे सत्तरमध्ये जागी झाली आणि गप्प बसली. आई म्हणाली, "बरोबरच आहे त्याचं. त्या साली मला एकही गोळी नव्हती."

तात्पर्य, काम नव्वद टक्के झालं आहे. तू येण्याची दगदग करू नकोस.

तुझा कामसू भाऊ

ता. क. परवा फोनवर तुला डब्याची म्हणून ऐकवलेली घंटा म्हणजे मी ताटलीवर वाजवलेला चमचा होता. रागावू नकोस.

ता. क. २. लग्नानंतर तू इथून नेलेलं चावीचं गजराचं घड्याळ चालू आहे का? असेल तर ताबडतोब पाठव. भावोजींना कारण सांगू नकोस, जन्मभर ऐकवतील.

ता. क. ३. हे मी लिहितेय, आई. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. गोळ्या मी विसरत नाही. त्या दिवशी एक चुकली, कारण याचा ताप उतरत नव्हता. घड्याळ पाठव, पण याच्यासाठी. डब्यापुढे बसला की याला जेवणाची शुद्ध नसते, दोन्ही वेळा मलाच ओरडावं लागतं. मला घेऊन गेलीस, तर याच्यासाठी कोण वाजणार?