भिंतीवरची ताई

३ मार्च, सोमवार
साध्या निगेटिव्ह रोलच्या स्लाइड घरी करायच्या, तर त्याची खरी किंमत अशी: बायकोचा मापाचा कप, दोन पांढरे टॉवेल, आणि संध्याकाळभर बंद बाथरूम. म्हणजे जवळजवळ फुकटच.
ताई इतक्या वर्षांनी आली, शनिवारी परत जाणार. काल सगळी भावंडं एका सोफ्यावर बसवून रोल संपवला. मोबाईल सगळ्यांना खिशात ठेवायला लावले. म्हटलं, निघण्याआधी प्रोजेक्टर लावून स्वतःला भिंतीवर बघशील, एकेक केस मोजता येईल. ताई म्हणाली, फार वेळ नाही लागणार, उरलेत किती!

४ मार्च
पद्धत सोपी. डेव्हलपरने उलटं चित्र येतं, ते ब्लीचने खाऊन टाकायचं. मग फिल्मला उजेड दाखवून परत डेव्हलपर. मागे उरलेल्या चांदीतून सुलटं चित्र उगवतं. फिक्सर अगदी शेवटी, नाहीतर तो ती उरलेली चांदीच धुऊन नेतो.
धाकटा भाऊ म्हणाला, आधी एखादा तुकडा करून बघ. त्याला सांगितलं, दुकान टाकलं तेव्हा आधी तुकडा टाकून पाहिला नव्हता.

६ मार्च, संध्याकाळ
बायकोला कृतीचा कागद देऊन दाराबाहेर उभं केलं. हात इतका तयार, की तिचं वाचून व्हायच्या आत डेव्हलपर काढून फिक्सर आत. तेवढ्यात बाहेरून, "आता ब्लीच." मग तेही ओतलं. पोटात सगळं गेल्याशी कारण, आधी भात की आधी पोळी याला काय अर्थ!

७ मार्च
रोल वाळला. काचेसारखा स्वच्छ. एक डाग नाही. खरं तर काहीच नाही. बायकोने त्यातून पेपर वाचून दाखवला. स्लाइड नाजूकच असते. प्रोजेक्टरवर उठून दिसेल.

८ मार्च, शनिवार
पडदे ओढले. ताईला पुढची खुर्ची. भिंतीवर लख्ख पांढरा चौकोन. बल्ब जास्त पॉवरचा आहे म्हणालो. दुसरी स्लाइड लावली. तीही पांढरी. बायको हळूच म्हणाली, "अहो, फिक्सर मधेच ओतलात ना?"
टॅक्सी खाली येऊन थांबली होती. ताई उठली, प्रोजेक्टरच्या उजेडात भिंतीला टेकून उभी राहिली. "घे. आले भिंतीवर."
धाकट्याने खिशातून मोबाईल काढला. मी पुढची खुर्ची बाजूला केली.
फोटो चांगला आलाय. एकेक केस मोजता येतो.