कानात सांगायचं नाव

सगुणा,

आजचं बारसं सोडून मी सकाळच्या गाडीनं परतूरला चालले. आत्या रुसली म्हणतील, म्हणू दे. तू तसं समजू नको.

परवाच्या तापानंतर माझ्या ओठावर पाण्याचे फोड आलेत. जालन्याच्या डाक्टरीणबाई म्हणल्या, असे फोड असताना तान्ह्याचा मुका घेतला, तर हाच रोग त्याला लागतो. मोठ्या माणसाची नुसती आग होते, तान्ह्याच्या जिवावर बेततं.

थोरल्याच्या बारशालाबी मला असेच फोड होते गं. कानात नाव सांगितलं आन् गालाचा मुका घेतला. पंधरवड्याच्या आत तो गेला, मंग मायनं तुझ्या दुधाला दोष दिला. तुझ्या दुधात काहीच वाईट न्हाई. याला बिनघोर पाज. मायला मी सगळं सांगितलंय. तिनं ऐकलं बराबर.

माझा पेला आन् पंचा सोबत नेलाय. कुंची उकळून वाळवलीय, घाल त्याला.

नाव ठरल्यालं कडूबाच ठेवा. कानात झुंबरला सांगू दे, तीबी चुलत आत्याच आहे. मी निघताना उंबऱ्यातूनच एकदा हळू म्हणून घेतलं. लेकरू झोपल्तं.

— अक्का