कापशाची हजामत

२२ एप्रिल १९९६, सोमवार

आज पुन्हा चावला! कात्री दिसली की कापशाचे दात बाहेर. पाठीवर केसांच्या गाठीच गाठी, त्यात गोखरूचे काटे, वर तो वास. बायको उमा म्हणते, "कुत्रं तरी घरात ऱ्हाईल न्हाईतर मी तरी!"

घालवू कसा? सासरी निघताना लेकीनं एवढंच मागितलं होतं — अप्पा, माझ्या कापशाला सांभाळा. लातूरला तिच्या सासूला कुत्रं चालत नाही. शनिवारी ईश्वरी येणार, लग्नानंतर पहिल्यांदाच राहायला. हे असलं ध्यान तिला दाखवू?

२३ एप्रिल

दुकानातली कापडाची कात्री गाठीत शिरेना. शेवटी म्हशी भादरणाऱ्या म्हाळूला बोलावलं. म्हणाला, "मालक, कात्रीनं कशाला त्याचा जीव खाता? म्हशीवानी सफाचट करू. उन्हाळ्यात लई गार वाटंल त्याला."

पटलं! उपरण्यानं तोंड बांधलं, म्हाळूनं पाय धरले, वस्तरा मी चालवला — लेकीचं कुत्रं, दुसऱ्याच्या हाती कशाला द्या? पाठ, पोट, शेपूट, सगळं. आतून निघाला गुलाबी उंदीर! उमा हसून हसून बेजार. मीही हसलो.

सोडल्याबरोबर भर उन्हात अंगणात पळाला. संध्याकाळपर्यंत आत यायला तयार नाही.

२४ एप्रिल

जेवला नाही. दिवाणाखाली बसलाय.

२५ एप्रिल

पाठ लालभडक, वर फोड. उचलून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेला. ते भडकलेच. "सिद्धलिंगअप्पा, म्हशीला डबकं असतं. याला केसांचीच सावली होती, ती तुमी काढून टाकली!"

जगेल ना, विचारलं. "पाणी पोटात गेलं तर." मलम दिलं, बस्स.

चमच्यानं पाजतोय. दात घट्ट मिटून घेतो. हात जवळ नेला तरी थरथरतो — माझ्या हाताला भितोय!

२६ एप्रिल

दुकानावर ईश्वरीचा फोन. "कापशा बरा हाय ना, अप्पा?" मजेत हाय म्हटलं. खोटं! मग हळूच म्हणते, "कुणी मारत न्हाई ना त्याला?"

अगं, कोण मारणार? बापावर एवढाही भरवसा नाही? राग आला. फोन ठेवून दिला. आणि आता वाटतंय, उद्या कुठल्या तोंडानं समोर जाऊ?

२७ एप्रिल, सकाळ

दोन चमचे पाणी गेलं! फोडांवर पुन्हा मलम लावलं. ईश्वरी अकराच्या एसटीनं येणार. स्टँडवर जायचंय.

२७ एप्रिल, दुपार

घरात पाऊल टाकताच सगळं सांगून टाकलं. म्हटलं, काय बोलायचं ते बोल. ईश्वरीनं पिशवी तिथंच टाकली. जमिनीवर आडवी झाली, दिवाणाखाली हात घातला. कापशा सरपटत तिच्या बोटांपाशी आला. तिची बाही वर सरकली — सगळा दंड काळानिळा.

"अप्पा, परत पाठवणार का मला?"

नाही म्हटलं. बुधवारी जावई न्यायला येणार आहे. येऊ दे तर खरा!